‘खाजणवाट’चा खास खेळ

महोत्सवासाठी आलेल्या फिल्म बघता बघता निशिगंधाचे डोळे दुखून आले होते. दर दुसऱ्या फिल्ममध्ये समुद्रावरून ड्रोन उडत यायचा, मागे बासरी वाजायची आणि कुणीतरी म्हातारं माणूस खिडकीशी बसून मुलाच्या फोनची वाट बघायचं. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या निहारच्या घरी, डायनिंग टेबलावरच्या लॅपटॉपसमोर ती शनिवारी संध्याकाळी बसायची, मार्क द्यायची आणि मग घरी जाऊन आलं घातलेला चहा प्यायची.

निहार बँकेतली नोकरी सांभाळून हा मराठी चित्रपट महोत्सव चालवायचा. सुरुवातीला हौशी मंडळी पुष्कळ होती. पुढे कुणाची बदली झाली, कुणी विरारला राहायला गेलं, कुणाला नातवंडं झाली. उरले निहार आणि निशिगंधा. दर वर्षी तो म्हणायचा, ‘ताई, हे शेवटचं,’ आणि पावसाळा सरला की पुन्हा हॉलच्या तारखा विचारायला जायचा.

या वेळी कार्यक्रम जवळजवळ ठरला होता. उद्घाटनाला एका नगरसेवकाच्या भाच्याची फिल्म होती, कारण हॉल त्यांच्याच शब्दामुळे मिळाला होता. दुसऱ्या दिवशी लघुपट, एक माहितीपट, मुलांचा एक सिनेमा. रविवारी दुपारचा खास खेळ तेवढा रिकामा होता.

“त्याचं जमलंय,” निहार म्हणाला. “आपल्या घोडबंदरला शूट झालेला एक पिक्चर आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वीचा. थिएटरमध्ये लागलाच नाही. दिग्दर्शक गेले, पण त्यांच्या मुलीने प्रिंट जपून ठेवली होती, साफ करून घेतलीये. ‘खाजणवाट’. ऐकलंय कधी?”

निशिगंधाने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली.

“ऐकलंय,” ती म्हणाली. “त्यातली मुलगी बोलते ना, ते मीच बोललेय.”

निहारला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तेव्हा ती गिरगावात राहायची, नाटकांतून छोटी कामं करायची. दिग्दर्शक दळींनी खाडीकाठची खरी माणसं घेऊन सिनेमा केला होता. नायिका कोळ्याची पोर, कॅमेऱ्यासमोर कधी उभी न राहिलेली. चेहरा असा की बघत राहावं. पण दळींना वाटलं, तिची बोली शहरातल्या प्रेक्षकांना कळायची नाही. म्हणून दादरच्या एका स्टुडिओत निशिगंधाला उभं केलं. समोर पडद्यावर त्या मुलीचे ओठ हलायचे आणि ही त्या ओठांवर आपले शब्द बसवायची. ती कुठे श्वास घेते, कुठे आवंढा गिळते, हे निशिगंधाला पाठ झालं होतं. मुलीला मात्र तिने प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. सिनेमाच्या पाट्यांमध्ये निशिगंधाचं नावही आलं नाही, आवाज देणाऱ्याचं नाव टाकायची पद्धतच नव्हती.

“तुमचा आवाज?” निहार म्हणाला आणि लगेच ओशाळला.

त्याचा दोष नव्हता. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर निशिगंधाचा आवाज बसला तो बसलाच. जाहिराती सुटल्या, मालिका सुटल्या. आता फोनवर लोक तिला ‘हां भाईसाब, बोलिए’ म्हणायचे. आधी ती, आपण बाई आहोत, हे सांगत बसायची. आता सांगत नव्हती.

“ती मुलगी अजून तिथेच राहते म्हणे,” निहार म्हणाला. “लक्ष्मी नाव आहे. तिला पाहुणी म्हणून बोलवायचंय. तुम्ही जाल का, ताई? मला सुट्टी नाही मिळणार.”

निशिगंधाला कुठेच जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. ती बरं म्हणाली.

*

घोडबंदरला बस हायवेवरच उतरवते. तिथून गावात चालत जाईपर्यंत तिचे गुडघे दुखायला लागले. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, खाडीकडे तोंड करून लक्ष्मीचं घर होतं. खाली पक्कं, वर पत्रा. ओट्यावर एक बाई जवळा निवडत बसली होती. अंगाने भरलेली, केस पांढरे. मान वर करून बघितल्याबरोबर निशिगंधाने तिला ओळखलं. भुवया त्याच होत्या.

तिने महोत्सवाचं सांगितलं, सिनेमाचं नाव घेतलं. लक्ष्मीचे हात थांबले नाहीत.

“माना नको तो सिनेमा,” ती म्हणाली. “तुमी चा घ्या नि जा.”

आतून तिची मुलगी भाविका पाणी घेऊन आली. मीरा रोडला एका दवाखान्यात रिसेप्शनला होती, आज सुट्टीवर. “आई, अगं ऐकून तरी घे,” ती म्हणाली. मग निशिगंधाकडे वळली. “तिला त्या पिक्चरचा राग आहे. आम्हाला कधी नीट सांगितलं पण नाही.”

“काय सांगायचं?” लक्ष्मी म्हणाली. पण मग तिने सांगितलं, जवळ्यातला कचरा वेचता वेचता, मान खाली घालून.

सिनेमा झाल्यावर दळीसाहेबांनी बंदरावर पडदा बांधला होता. सगळ्या गावाला दाखवायचा म्हणून. आजूबाजूच्या पाड्यांतलीही माणसं आली. लक्ष्मी पुढे बसली होती, नवं लुगडं नेसून. पडद्यावर ती आली तेव्हा बायांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या. मग ती बोलायला लागली, आणि आवाज निघाला तो भलताच. गोड, नाजूक, शहरातल्या बाईचा. आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं बंदर हसलं. तिचा चुलतभाऊ पिंटू मागून ओरडला, “लक्षे, साकर खाल्लीस का गो?”

“तवापास्नं नाव परलं, साकरबाई,” लक्ष्मी म्हणाली. “बाजारात बसलू का बाया म्हनायच्या, साकरबाई, पापलेट कसा दिला? मी सांगून दमलू, तो आवाज माजा न्हाय. तर म्हनायचे, तोंड तुजा नि आवाज कोनाचा? बापूस म्हनाला, शेरातली लोका आली नि तुला लाज वाटली आपल्या बोलीची. तो मरंपर्यंत ह्योच म्हनत व्हता.”

खाडीवरून वारा येत होता आणि त्याला चिखलाचा वास होता.

निशिगंधाला वाटलं, आत्ता उठावं, नमस्कार करावा आणि बस पकडावी. आवाज कुणाचा, हे सांगायची काही गरज नव्हती. तिला काम मिळालं होतं, तिने केलं होतं. पण कुणाचा बाप मरेपर्यंत काय म्हणत राहिला हे ऐकल्यावर उठून जाणंही जमेना.

“तो आवाज माझा होता, लक्ष्मीताई,” ती म्हणाली.

आता लक्ष्मीचे हात थांबले. तिने निशिगंधाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुमचा? असा घोगरा?”

“ऑपरेशन झालं. तेव्हा चांगला होता.”

लक्ष्मीने जवळ्याचं सूप बाजूला सारलं. “खोटा बोलत नसाल तर येक करा,” ती म्हणाली. “मी येते तुमच्या त्या हॉलात. आमची मानसा पन आनते. त्यांच्या समोर उभं राहून हाच बोलायचा. बाकी माना हार न्हाय नि नारल न्हाय.”

*

रविवारी उद्घाटनातली उरलेली भाषणं खास खेळाच्या वेळेत घुसली. नगरसेवक साहेबांना शनिवारी यायला जमलं नव्हतं, म्हणून त्यांचा सत्कार रविवारी दुपारी झाला. त्यांनी भाच्याचं कौतुक केलं, मराठी सिनेमाला पाठिंबा दिला, फोटो काढले आणि आपली माणसं घेऊन ते गेले. हॉल निम्म्याहून जास्त रिकामा झाला. निहार घामेजलेल्या चेहऱ्याने दाराशी उभा होता. “बसा हो, आता चांगला पिक्चर आहे,” असं तो जाणाऱ्यांना सांगत होता. लोक हसून मान हलवत आणि जात.

घोडबंदरहून एक टेम्पो आला. निशिगंधाला वाटलं होतं, गाव लोटेल. उतरली ती लक्ष्मी, भाविका, भाविकाच्या दोन मैत्रिणी, चार-पाच म्हाताऱ्या आणि काठी टेकत एक वाकलेला माणूस. तोच पिंटूदादा.

“बाकीचे?” निशिगंधाने विचारलं.

“बाकीचे मेले,” लक्ष्मी म्हणाली. “नायतर लेकाकडं बसलेत टीवी बघत. कुनाला आठवतंय?”

दिवे गेले. पडदा आधी करडा झाला, मग त्यात खाडी दिसू लागली. किल्ला, खाजणातल्या चिखलात रुतलेल्या होड्या, आणि डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून येणारी ती मुलगी. निशिगंधा लक्ष्मीच्या शेजारी बसली होती. मुलीने तोंड उघडलं आणि स्पीकरमधून निशिगंधाचा जुना आवाज आला. या आवाजाची एकही टेप घरात नव्हती. एवढी कामं केली, पण स्वतःचं असं काही साठवून ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. स्वच्छ, भरलेला, थोडा हट्टी आवाज. आपण अशा होतो, हे ती विसरली होती.

तिने बाजूला बघितलं. लक्ष्मी पडद्याकडे बघत होती, पण ऐकत नसावी. तिने एक हात आपल्या गालावर ठेवला होता आणि बोटांनी ती गाल चाचपत होती.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बोलत होत्या. तो बघ गनपाचा बापूस, ती होरी आमची, तो चिंचेचा झाड आता न्हाय. तिथे आता गॅरेज आहे, असं भाविकाने मैत्रिणीला सांगितलं.

सिनेमा संपला. निहार माइक घेऊन स्टेजवर चढला, चार वाक्यं बोलला आणि त्याने निशिगंधाकडे बघितलं. ती उठली. पायऱ्या चढताना तिने कठडा धरला.

“या सिनेमात लक्ष्मीताई दिसतात,” ती माइकवर म्हणाली. तिचा आवाज हॉलमध्ये खरखरला. मागे कुणीतरी माइक बिघडलाय का ते बघितलं. “पण बोलते मी. तेव्हा माझा आवाज असा नव्हता. लक्ष्मीताई जे बोलल्या होत्या ते काढून टाकलं आणि त्या जागी मला बोलायला लावलं. त्यांना कुणी विचारलं नाही, सांगितलं पण नाही. गावात त्यांना नावं ठेवली गेली, ती माझ्या बोलण्यापायी. एवढंच सांगायचं होतं.”

टाळ्या पडल्या, तुरळक. निहारने लक्ष्मीला वर बोलावलं. ती यायला तयार नव्हती, भाविकाने हाताला धरून आणली. माइक तिने भाजीची जुडी धरावी तसा धरला.

“तुम्ही तेव्हा काय बोलला होतात, आठवतं का?” निहारने विचारलं. “तो होडीचा सीन आहे ना, वडिलांना हाक मारता तो.”

सिनेमात ती मुलगी बांधावरून ओरडते, ‘बाबा, होडी परत फिरवा, पाणी चढतंय.’

लक्ष्मीने जरा विचार केला. मग हॉलच्या मागच्या भिंतीकडे बघून, फार मोठ्याने नाही, पण खाडीपलीकडे पोचेल अशा सुरात ती म्हणाली, “बा, होरी फिरव. पानी चरलाय.”

निशिगंधा तिच्या बाजूलाच उभी होती. स्टुडिओत या एका वाक्याने तिचा जीव काढला होता. ओठ एकदाच मिटायचे आणि तिला म्हणायचं असायचं ‘बाबा’. दळी पुन्हा पुन्हा रीळ मागे घ्यायला लावायचे. आता कळलं, मुलगी किती थोडक्यात बोलत होती. त्यात विनवणी नव्हती. बापाला केलेला हुकूम होता तो.

“असा बोललू व्हता मी,” लक्ष्मी म्हणाली आणि माइक परत दिला.

बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे चहा घेत बसले. पिंटूदादाने बिस्कीट बुडवता बुडवता विचारलं, “ती बाई काय बोलली गो वर?” त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. भाविकाने कानाशी वाकून ओरडून सगळं सांगितलं. साखर, बंदर, आवाज. तो ऐकत राहिला.

“कोन साकरबाई?” त्याने विचारलं.

“आईला म्हणायचात ना तुम्ही.”

“मी?” तो आठवायचा प्रयत्न करत होता. खरंच करत होता, कपाळाला आठ्या घालून. “मी न्हाय, बाय. दुसरा कोन असेल.” आणि त्याने दुसरं बिस्कीट घेतलं.

निशिगंधाने लक्ष्मीकडे पाहिलं. ती चिडेल असं वाटलं होतं. लक्ष्मी नुसती श्वास सोडून खुर्चीला टेकली.

“बघितलास?” ती म्हणाली. “याच्यासाटी मी एवढी वर्षा राग धरून व्हते.”

“मग उगाच आलात म्हणायचं.”

“उगाच न्हाय. म्हाताऱ्यांनी ऐकला. भाविकाने ऐकला.” थोड्या वेळाने तिने विचारलं, “आवाज गेला तवा रडलीस का गो?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी व्यायाम दिले होते, नातेवाइकांनी गरम पाणी आणि ज्येष्ठमध सुचवला होता. “नाही,” निशिगंधा म्हणाली. “दवाखान्यात बिलाच्या, औषधांच्या गडबडीत राहूनच गेलं. मग वेळ निघून गेली.”

लक्ष्मीने मान हलवली. टेम्पोवाला दुसरं भाडं टाकून यायचा होता, त्याला उशीर होता. म्हाताऱ्या पाय चोळत बसल्या होत्या. निहार दारातून डोकावला.

“ताई, लघुपटांचा शेवटचा खेळ लावतोय. आत फक्त तिघं आहेत. दिग्दर्शक मुलगा नाशिकहून आलाय, वाईट वाटेल त्याला. बसाल जरा?”

निशिगंधाचे पाय भरून आले होते. तिने पाहिलेली फिल्म होती ती, मार्कही तिनेच दिले होते. ती खुर्चीचा हात धरून उठली.

“आत एसी हाय ना?” लक्ष्मीने विचारलं. “चल, मी बी येते. ही खुर्ची टोचतेय.”

त्या मधल्या रांगेत बसल्या. त्यांच्या मागोमाग म्हाताऱ्याही आल्या, पिंटूदादा आला, आणि हॉल एकदम बरा दिसू लागला. नाशिकच्या मुलाने मागे वळून बघितलं आणि शर्ट नीट केला. दिवे मंदावले. पडद्यावर कुणाच्या तरी गावातली सकाळ सुरू झाली.

पाट्या संपायच्या आत लक्ष्मीची मान निशिगंधाच्या खांद्यावर कलली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि सुक्या मासळीचा वास होता. निशिगंधाने खांदा हलवला नाही. थोडा वेळ तिने पडद्याकडे लक्ष दिलं, मग तिचेही डोळे मिटले.