आठात न बसलेला तिसरा हिस्सा

सुकन्या दहावी पास झाली ते साल २०१४. त्याच साली तिच्या वडिलांनी, कल्याणने, मोडक्या दाराची फळी घासून तिला काळा रंग दिला आणि विहिरीवर मोटारीच्या खोलीत टांगली. मित्रांनो, तोच मी, श्रीगोंद्याकडच्या लिंबूबागेतला एक जुना फळा.

विहीर तीन भावांची, सामाईक. पाण्याची पाळी बारा दिवसांची. चार दिवस थोरल्या आप्पासाहेबांचे, चार मधल्या काकासाहेबांचे, चार धाकट्या कल्याणचे. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा. तसे माझ्यावर लिहिलेले असे. कुणी कुरकुरला तर बाकीचे म्हणत, "फळ्यावर हाय ना? मग झालं." मला त्याचा फार अभिमान वाटे.

मोटारीला वीज येण्याची वाट बघताना सुकन्या आपल्या आईला, भागूबाईला, माझ्यावर गिरवायला लावी. पन्नाशीत ती नाव लिहायला शिकली, मग पाढे, मग अपूर्णांक. पुढे सुकन्या राहुरीला सासरी गेली आणि कल्याण वारला.

त्या उन्हाळ्यात आप्पासाहेबांनी ओल्या फडक्याने मला पुसले. "बारा दिवस झाडं दम काढत न्हाईत. आता पाळी आठाची." त्यांनी लिहिले: तीन, तीन, दोन. दोन भागूबाईला.

"आप्पा, माझा तिसरा हिस्सा हाय. दोनच का?"

"आठाचे तीन सारखे वाटे पडत न्हाईत. कुनाला तरी दोन यायचेच. दिवस काय भाकर हाय, मोडून द्यायला?"

भागूबाईने खडू उचलला आणि सावकाश लिहिले: १/३ = २/६ = ३/९ = ४/१२.

"बगा. वरचा आकडा पुरा यायचा तर खालचा तिनाच्या पाढ्यातला पायजे. नवाची पाळी धरा, तिघांना तीन-तीन. न्हाईतर सहाची, दोन-दोन. आठातले दोन म्हंजी चौथा हिस्सा झाला."

काकासाहेब हसले. "म्हातारपनी शाळा शिकली अन् आमची मास्तरीन झाली!"

"मास्तरीन न्हाई, काका. वाटेकरी हाय."

आप्पासाहेबांनी तिचे गणित तेवढे पुसले. तिने निवाड्याला गावातली चार माणसे आणली. ती माणसे माझ्यावरचे तीन, तीन, दोन बघून म्हणाली, "फळ्यावर हाय ना?" ज्या बोलण्यावर मी फुगत होतो, त्यानेच तिचा घात केला.

दर पाळीला ती कोपऱ्यात ३/९ लिही, दर पाळीला कुणीतरी ते पुसे. तिसऱ्या उन्हाळ्यात तिची झाडे वाळली. कल्याणने लावलेली चाळीस झाडे सरपणाला गेली.

मित्रांनो, वाटणी करताना सर्वांना पुरा वाटा येईल असा छेद आधी शोधा. तो असतो. आणि फळ्यावर लिहिलेले वाचताना, काय पुसले तेही विचारा.

आता पाळी आठाचीच आहे. पडीक रानाला पाणी कशाला, म्हणून चार थोरल्यांचे, चार मधल्यांचे. गणित पुरे सुटते, दिवस मोडावा लागत नाही.

भागूबाई १२ मे २०२४ रोजी वारली.