आजाऱ्याची चपाती

आमच्या सासूबाई, चंद्रभागाबाई, मायाळू आहेत. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. ठेवायची तर ठेवा. पण माझ्या धाकट्या जावेचं, शिवकन्येचं, जे वाटोळं झालं ते कुणाच्या दुष्टपणानं झालं नाही. मायेनं आणि अकलेच्या दुष्काळानं झालं.

आमचं गाव धारूरच्या डोंगरकडेला. दिवाळी झाली की शिवकन्या आणि तिचा नवरा त्रिंबक ऊस तोडायला सांगलीकडं जायचे. उन्हाळ्यापर्यंत पाचटाच्या कोपीत राहायचं, थंडीत पहाटे फडात उतरायचं, डोक्यावर मोळ्या वाहायच्या. तिथं तिचं पोट कधी दुखलं नाही. गावी येऊन जरा टेकली की मात्र पोट फुगायचं, जुलाब लागायचे, चक्कर यायची. गावानं निकाल देऊन टाकला, "फडात धडधाकट आन् घरी आली की आजारी. लई नाटकी हाय." फडावर जाताना ते बाजरीचं पोतं बांधून न्यायचे आणि घरी रेशनचा गहू असायचा, एवढाच काय तो फरक होता. पण तो बघायला कुणाला सवड?

त्यातून आमच्याकडं रीत अशी की आजाऱ्याला भाकरी द्यायची नाही. ती जड. आजाऱ्याला मऊ चपाती, रव्याचा शिरा, दुधात बुडवलेली बिस्किटं. शिवकन्या जितकी आजारी पडायची, तितकं सासूबाई तूप लावून चपाती वाढायच्या. आम्ही सगळे एक वेळ तरी भाकरी खायचो आणि राणीसाहेबांना दोन्ही वेळा चपाती. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू!

तिला एक मुलगी झाली. मग दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. पोटदुखी होतीच. शेवटी त्रिंबकनं तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला आणि म्हणाला, "पिशवीला सूज आहे. काढून टाका. उद्या कॅन्सर झाला तर माझ्याकडं येऊ नका."

कॅन्सर म्हटलं की आमच्याकडं माणूस पुढचं ऐकतच नाही. सासूबाई रडायला लागल्या. एकटी शिवकन्याच म्हणत होती, "आत्या, पिशवी नका काढू. मला आजून एक लेकरू पायजे."

"आधी तू जग. मंग लेकराचं बघू," सासूबाई म्हणाल्या. पिशवी काढल्यावर कुठलं लेकरू बघणार होत्या, देव जाणे. त्रिंबकनं सही केली. शिवकन्येनं अजून तिशीही गाठली नव्हती.

ऑपरेशननंतर सगळी भावकी भेटायला आली, आणि प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा. सासूबाईंनी सकाळ-संध्याकाळ शिरा चालू केला. पोट पुन्हा फुगलं. शिवकन्येची पार काडी झाली. ते बघून तिचा भाऊ आदिनाथ तिला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. सोबत मीही होते. रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतडं तपासलं. मग डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. "हिला गहू सोसत नाही. गव्हानं आतडं खराब होतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. चपाती, रवा, मैदा, बिस्कीट सगळं बंद, तेही कायमचं. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल खाऊ दे."

शिवकन्येनं विचारलं, "माझे दोन पडले, ते बी ह्याच्यामुळं?"

"असू शकतं," बाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "काळजी करू नका. गहू सोडला की पुष्कळ जणींना पुन्हा नीट दिवस जातात."

मग त्यांनी जुनी फाईल उघडली. पिशवी काढल्याचा कागद वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. शिवकन्या रडली नाही. मीच रडले, रागानं. त्या वेळी त्रिंबक समोर असता तर मी त्याला दोन ठेवून दिल्या असत्या.

भाकरीवर ती सुधारली. पावसाळा संपेस्तोवर गाल भरले, चालीत जोर आला. आणि गाव काय म्हणालं? "पिशवी काढली आन् बघा कशी टवटवीत झाली!" मी गव्हाचं सांगितलं की लोक हसायचे. जगाला गहू चालतो आणि हिलाच तेवढा चालत नाही म्हणे.

परवा शेजारच्या छबुबाई त्यांच्या सुनेला घेऊन आल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील. पोरगी पोट धरून उंबऱ्याशी बसली.

"हिचं बी पोट लई दुखतंय," छबुबाई म्हणाल्या. "तुमच्या शिवकन्येला गुण आला, तो दवाखाना कुठला वो?"

सासूबाई उत्साहानं सांगायला लागल्या. शिवकन्या चुलीपुढून उठून बाहेर आली.

"काकू, मी पिशवी काढून बरी न्हाई झाले. गहू सोडून झाले. पिशवी चांगली होती माझी. फुकट गेली ती. हिला तिकडं नेऊ नका."

छबुबाईंनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी हळूच मान हलवली. "मनावर घिऊ नका. आप्रेशन झाल्यापून आसंच काय बी बोलती."

ती पोरगी शिवकन्येकडं टकामका बघत होती. छबुबाई सुनेचा दंड धरून उठल्या.

"मंग उद्याच जाते," त्या म्हणाल्या.

"एकट्या कशाला जाता?" सासूबाई म्हणाल्या. "मी येते की संगं."