विरामाची पायरी

नवा जिना झाल्यावर सुरुवातीचे काही महिने दादाच्या घरी येणारा प्रत्येक जण एकाच पायरीवर अडखळायचा. अडखळला की दादा खालून म्हणायचा, "तो विराम आहे." पाहुणा मान डोलवायचा. ज्याच्या घरी चहा प्यायचा आहे त्याच्या जिन्याला नावं ठेवायची नसतात.

आधी तिथे साधा लाकडी जिना होता, आजोबांनी करून घेतलेला. करकरायचा, पण चुकवायचा नाही. त्याच्या वरच्या टोकाला आत्याची खोली. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, शिवणकाम केलं. शाळांचे गणवेश, दवाखान्यातले पांढरे कोट, हॉटेलातल्या वाढप्यांची लाल जाकिटं. तिच्या खोलीला उत्तरेची खिडकी होती आणि खिडकीला लागून कापड बेतायचं टेबल. ते टेबल सुताराने खोलीत बसूनच जोडलं होतं, त्यामुळे ते दारातून बाहेर निघत नव्हतं. आत्याचंही साधारण तसंच होतं.

वरची खोली तिची, यावर वडील असेपर्यंत घरात कधी बोलणंच झालं नव्हतं. ते गेल्यावर वर्षाच्या आत दादाला घर नवं करायची हुक्की आली.

मूळ हुक्की वहिनीची. तिने कुठल्याशा हॉटेलात एक जिना पाहिला होता आणि त्याचे इतके फोटो काढले होते की त्यात हॉटेल कुठेच दिसत नव्हतं. तोवर आमचा लाकडी जिना तिच्या लेखी सरपण होता. मग डिझायनर आला. तो कायम काळे कपडे घालायचा आणि बोलताना बोटांनी हवेत भिंती काढायचा. त्याने जिन्यावर हात फिरवून डोळे मिटले, तेव्हा वहिनीला कळलं की आपल्या घरात वारसा आहे.

जुन्या आणि नव्याचा संवाद व्हायला हवा, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच भेटीत तो शब्द त्याने इतक्यांदा वापरला की आत्याने त्याचं नाव संवादराव ठेवलं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "आणि चढणाऱ्याशी कोण बोलणार?"

ठरलं ते असं. जिन्याचा खालचा अर्धा भाग काळ्या पोलादाचा, पातळ पत्र्याच्या पायऱ्यांचा, काचेच्या कठड्याचा. वरचा अर्धा भाग जुन्याच फळ्यांचा, जुन्याच कठड्याचा. खालून वर जाताना माणूस भविष्यातून भूतकाळात शिरतो, असं डिझायनरने समजावलं. वहिनीचे डोळे पाणावले. वर आत्या राहत होती, त्यामुळे भूतकाळ कोण हे विचारायची गरज उरली नाही.

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण ती समजायला सोपी आहे आणि म्हणूनच ती समजून घ्यायला कुणी तयार नव्हतं. वेल्डरने खालपासून वरपर्यंत एकच पोलादी सांगाडा केला आणि पायऱ्यांचे आधार अगदी समान अंतरावर बसवले. खालच्या आधारांवर पातळ पत्रे आले. वरच्या आधारांवर सुताराने जाड फळ्या ठेवल्या. पत्रा आणि फळी यांच्या जाडीतला फरक जिथे पोलाद संपून लाकूड सुरू होतं त्या एका पायरीत जाऊन बसला. ती पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच झाली. प्रत्येकाने आपापलं माप बरोबर घेतलं होतं. दोघांची मापं जिथे भेटणार होती तिथे मात्र कुणीच उभं नव्हतं. तिथे संवाद होणार होता.

माणूस जिना डोळ्यांनी चढत नाही. पहिल्या एकदोन पायऱ्यांवर पायाला उंची कळते आणि पुढे पाय तेच माप धरून उचलला जातो. मध्येच बोटभर फरक पडला तर बोटं फळीवर आपटतात आणि माणूस पुढे कोलमडतो. शिवाय अशी चूक तिथेच संपत नाही. फळ्यांबरोबर ती वर जाते, आणि वरचा मजला तर आपल्या जागेवरच असतो, म्हणून शेवटची पायरी तेवढीच ठेंगणी राहते. तिथे पाय धपकन पडतो, पण तोल जात नाही. वरची चूक दिवाणखान्यातून दिसत नव्हती, त्यामुळे तिला कुणी नाव दिलं नाही.

मधल्या उंच पायरीवर सगळ्यात आधी दादाच अडखळला, आणि बूट नवे आहेत म्हणाला. पडलो तरी नाक वर. मी त्याला फरक मोजून दाखवला. वजनमापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. हे त्याला एरवी आठवत नाही, पण त्या दिवशी आठवलं. तुझी प्रयोगशाळा तुझ्या घरी ठेव, म्हणाला. तरी त्याने डिझायनरला बोलावून घेतलं.

डिझायनर चढला, अडखळला आणि तिथेच हनुवटीला हात लावून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, उपाय शोधतोय. तो नाव शोधत होता.

"हा विराम आहे," तो म्हणाला.

दोन काळ जिथे भेटतात तिथे शरीराने क्षणभर थांबायला हवं, हे त्याच्या मनात पहिल्यापासून होतं म्हणे. मी म्हटलं, फळ्यांखालचे आधार कापून तेवढेच खाली जोडले की दोन्ही पायऱ्या सरळ होतील, वेल्डरला त्यात अवघड काही नाही. दादा म्हणाला, रंग लागलाय. वहिनी म्हणाली, मासिकाचा फोटोग्राफर ठरलाय. सुतार आणि वेल्डर अंगणात उभे होते. सुतार म्हणाला, वेल्डरला विचारा. वेल्डर म्हणाला, सुताराला विचारा. त्या घरात झालेला एकमेव खरा संवाद तो.

त्यानंतर विरामाला दिवसेंदिवस बाळसं येत गेलं. दादा तो शब्द आधी दबकत म्हणायचा, मग छाती काढून म्हणायला लागला. वहिनीची बहीण ठेचकाळली तेव्हा तिला सांगण्यात आलं की ती आयुष्यात फार घाईने चालते. आणखी कुणी अडखळलं की नाचता येईना अंगण वाकडं, असं वहिनी हसत म्हणायची. अंगण खरोखरच वाकडं होतं. ते वाकडं करायला माणूस लावला होता.

मग आत्या पडली.

बेतलेल्या कापडांची चळत दोन्ही हातांत घेऊन ती वर चालली होती. पाय त्याच पायरीला लागला आणि ती डाव्या मनगटावर आली. हाताला प्लास्टर घातलं. मी भेटायला गेले तेव्हा ती टेबलापाशी बसून उजव्या हाताने बटणं निवडत होती. पडली आत्या आणि हायसं वाटलं इतरांना, असं घरातलं वातावरण होतं.

कारण आता तिला खाली आणता येणार होतं. मागच्या बाजूला सामानाची एक खोली होती, खिडकी म्हणावी असं तिच्यात काही नव्हतं. ती रिकामी करायलाही घेतली. तुमच्या काळजीपोटीच म्हणतोय आम्ही, असं वहिनी आत्याला म्हणाली. त्याच दुपारी बहिणीशी फोनवर बोलताना तिने काळजीचं मूळ सांगितलं. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होते.

"एवढा जिना करायचा," ती म्हणत होती, "आणि वर चढून बघायचं काय, तर शिवणयंत्र."

संध्याकाळी दादा आत्याशी बोलायला वर आला. आठवडाभरात फोटो काढून होतील, मग तू खाली ये, म्हणाला. टेबलाचंही त्याने ठरवून टाकलं होतं. मधून कापून खाली नेऊ, सुतार परत जोडेल.

आत्याने टेबलाच्या कडेवर हात ठेवला. त्या कडेला कात्रीच्या खुणा होत्या, शेजारीशेजारी, कंगव्याच्या दातांसारख्या.

"मग इथे काय करणार?" तिने विचारलं.

"अभ्यासिका."

"अभ्यास कोण करणार?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. जणू माझी पदवी त्याला तेवढ्यापुरती उसनी मिळाली असती. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"होऊ देत तुझे फोटो," आत्या म्हणाली. तिने वाद घातला नाही की लोक त्याला होकार समजतात. आयुष्यभर तिने त्यांना तसं समजू दिलं होतं.

फोटोच्या दिवशी सकाळी तिने मला लवकर बोलावून घेतलं. वाढप्यांच्या जाकिटांतून उरलेलं लाल कापड तिने आधीच काढून ठेवलं होतं, जाड, घट्ट विणीचं. मी कापड ताणून धरलं आणि तिने एका हाताने मशीनवर ते चौपदरी शिवलं, कडा दुमडून, टाके जवळजवळ. मग आम्ही खाली जाऊन ती पट्टी उंच पायरीच्या कडेला सुताराच्या डिंकाने चिकटवली. एका गिऱ्हाईक बाईचे गुडघे दुखतात, तिला पायरी दिसायला हवी, एवढंच कारण तिने दिलं. वरच्या ठेंगण्या पायरीलाही लावू या का, असं मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तिथे मी दारात उभी राहते. येणाऱ्याजाणाऱ्याला हात देते."

वहिनीला पट्टी दिसली तेव्हा फोटोग्राफर दारात आला होता. ती स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली, पट्टी खरवडायला. दादा तिच्यामागे ओला फडका घेऊन. एरवी त्या दोघांचं कशावरही एवढं एकमत झालेलं मी पाहिलं नाही.

फोटोग्राफर मात्र खालीच थांबला होता. काळं पोलाद, तपकिरी लाकूड, असे जिने त्याने आठवड्याला दोन पाहिले असावेत. तो कंटाळलेला होता. मग त्याची नजर लाल पट्टीवर गेली आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. "हे कुणाला सुचलं?" त्याने विचारलं.

दादाने खुलासा करायला तोंड उघडलं. म्हातारं माणूस आहे, ऐकत नाही, असं काहीतरी तो म्हणणार होता. पण फोटोसाठी आलेला डिझायनर त्याच्यापुढे निघाला.

"तो विराम आहे," तो म्हणाला. "मी तो अधोरेखित केलाय."

वहिनीने सुरी पाठीमागे घेतली. दादा त्या ओल्या फडक्याने काचेचा कठडा पुसू लागला. कापड कुठलं, असं फोटोग्राफरने विचारल्यावर डिझायनरने वर बोट दाखवलं. यांच्या आत्या वर आजही शिवतात, म्हणाला, आणि ते अशा आवाजात म्हणाला की जणू आत्याही त्याच्याच आराखड्यात होती.

फोटोग्राफर वर गेला. त्या पायरीवर न अडखळलेला तो पहिला पाहुणा. आत्याने त्याला दारात हात दिला. त्याने तिला टेबलाशी बसवलं, प्लास्टर कापडाखाली झाकायला लावलं आणि उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाची तारीफ केली. जिन्याचे जितके फोटो काढले त्याच्या दुप्पट त्याने तिचे काढले.

मासिकात दादा आणि वहिनी एका कोपऱ्यात आहेत, टपाल तिकिटाएवढे. आत्या पानभर आहे. खाली लिहिलंय, परंपरा आजही वरच्या मजल्यावर नांदते. मासिक आल्यावर लोक जिना पाहायला येऊ लागले आणि आले की वरच्या बाईंना भेटता येईल का म्हणून विचारू लागले. सामानाच्या खोलीत सामान परत गेलं. टेबलाचा विषय कुणी काढला नाही. काळजीचं पुढे काय झालं, तेही कुणी विचारलं नाही. आत्यांना आम्ही वरच ठेवलंय, असं वहिनी आता पाहुण्यांना सांगते, आणि तिचा आवाज असा असतो की ऐकणाऱ्याला ते वहिनीचं मोठेपण वाटावं.

आता तरी आधार खाली घे, असं मी दादाला एकदा सुचवून पाहिलं. फोटो झाले, घाई नाही.

"आता कसं?" तो म्हणाला. "छापून आलंय."

परवा मी आत्याकडे बसले होते, तेव्हा डिझायनर आला. दुसऱ्या एका घरात त्याचा जिना होत होता. तिथल्यासाठी त्याला तशीच लाल पट्टी हवी होती. तिथली कुठली पायरी बिघडली आहे, असं आत्याने विचारलं. एकही नाही, म्हणाला, सगळ्या अगदी समान आहेत.

"मग पट्टी कशाला?"

"लोकांनी थांबावं म्हणून."

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग गळ्यातली टेप काढून त्याला लांबी विचारली. गिऱ्हाईक मागेल ते शिवून द्यायचं, अंगाला बसतं की नाही ते त्याचं त्याने बघावं, अशी तिची जुनी रीत. पट्टी होईपर्यंत तो त्या नव्या घरातल्या संवादाबद्दल बोलत राहिला. मशीनच्या आवाजात मला फारसं ऐकू आलं नाही.

पट्टीची गुंडाळी बगलेत घेऊन तो निघाला, मागे वळून बोलतच. आत्या बसल्या जागची उठली नाही. वरच्या पायरीवर त्याचा पाय धपकन आपटल्याचा आवाज आला, आणि बोलणं थांबलं.

आत्याने सुईत दोरा ओवला.