मासोळीच्या हृदयाची झडप

मी एक जुनी झडप आहे. माणसाच्या हृदयातली. आता शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गात, काचेच्या बरणीत असते. इथे फार थंड आहे, मित्रांनो, आणि आजूबाजूला काहीच धडधडत नाही.

मी जिची, ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. सगळे तिला मासोळी म्हणत. हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमध्ये माझी जागा. रक्ताला पुढे जाऊ द्यायचं आणि मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. तेव्हा मी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. अंगावर पेशींचं गुळगुळीत अस्तर होतं. ती सूर मारायची, तेव्हा गार पाण्याचा शहारा माझ्यापर्यंत पोचायचा.

लहानपणी एकदा तिचा घसा सुजला. ताप उतरला तशी तिने औषध सोडलं.

"अगं, गोळ्या संपव आधी," आई म्हणाली.

"बरी झाले की मी," म्हणत ती पाण्यात गेलीसुद्धा.

काही दिवसांनी तिचे सांधे सुजले. घशातल्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून सांध्यांवर आणि माझ्यावरही चालून आली होती. माझं अस्तर दुखावलं. त्यातल्या काही पेशी जागा सोडून आत शिरल्या आणि आपला मूळ धंदा विसरून चिवट धागे विणू लागल्या. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. जखम सांधायची होती, पण थांबायचं कुणालाच सुचेना. वर्षानुवर्षं ठिगळावर ठिगळ चढत गेलं. पुढे तर माझ्यातल्याच काही पेशी हाड घडवणाऱ्यांसारख्या वागू लागल्या आणि माझ्यात चुना साठत गेला. मी जाड झाले, ताठरले. पूर्ण उघडायला गेले तर उघडता येईना, मिटायला गेले तर फट राही.

मासोळीला चार पायऱ्या चढतानाही धाप लागू लागली. तिची मुलगी पाण्यातून हाका मारायची, "आई, ये ना. कडेकडेनेच पोहू."

"तू ये जाऊन. मी इथूनच बघते," असं म्हणून ती पाय पाण्यात सोडून काठावर बसून राहायची. तिच्या मनातली ओढ मला कळायची. तीच माझीही होती.

शेवटी मुलीनेच तिला शस्त्रक्रियेला तयार केलं. माझ्या जागी धातूची झडप बसली. मला बरणीत ठेवलं, तेव्हा मासोळीने मला पाहायला मागितलं. काचेवर बोट टेकवून ती म्हणाली, "दमलीस गं बाई." मग डॉक्टरांना म्हणाली, "हिला मुलांना शिकवायला ठेवा."

काही महिन्यांनी ती वर्गात आली. केस ओले होते. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "आज पलीकडच्या काठाला लागले." तिच्या छातीतली नवी झडप टिकटिक करत होती. मित्रांनो, मला त्या झडपेचा हेवा वाटला. आनंदही झाला.

घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. औषध दिलं तर ते पुरतं घ्या, बरं वाटलं तरी. आणि आता छातीवर हात ठेवून बघा. तिथे माझ्यासारखीच एक पातळशी झडप रक्ताला वाट करून देते आहे. ती किती उबदार, धडधडत्या जागी आहे, हे तिला ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे.