आइस्क्रीमच्या डब्यातला गरम भात

मी एक जुना आइस्क्रीमचा डबा आहे. प्लास्टिकचा, निळ्या झाकणाचा. हसू नका, मित्रांनो. या घरात मला बारा वर्षं झाली. सूनबाईसुद्धा माझ्यानंतर आली.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझं काम ठरलेलं होतं. चार दिवस थंड धरायचं, मग सुट्टी. इथे आइस्क्रीम एका संध्याकाळीच संपलं. पण आजीबाई काही टाकतील तर शपथ! त्यांनी मला घासूनपुसून फळीवर बसवलं. माझ्यात आधी शिवणाचे दोरे राहिले, मग साखर, मग लोणी. आल्यागेल्याला त्या मला दाखवत, "बघा, फुकटचा आहे, पण विकतच्यांना भारी आहे." मीही फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मग नात झाली. आता आठ महिन्यांची आहे, खाली दोन दात. सूनबाई सकाळीच कामावर जाते. दुपारी आजीबाई नातीसाठी मऊ भात शिजवतात आणि गॅसवरून उतरवून थेट माझ्यात ओततात. वर झाकण गच्च. का, तर मी हलका, पडलो तरी फुटत नाही. पहिल्याच दिवशी मी आतून मऊ पडलो. चमच्याच्या ओरखड्यांतून माझंच काहीतरी सुटून भातात उतरू लागलं. किती, ते मला कळत नाही. परत घेता येत नाही, एवढं कळतं.

सूनबाई शहाणी. तिनं स्टीलचा डबा आणला.

"आई, अहो, हिचा भात आता यात काढत जा. प्लास्टिकमध्ये गरम नको."

आजीबाईंनी डब्यात आपलं तोंड पाहून घेतलं. "छान आहे गं. पण रोज वापरला तर पोचे नाही का पडणार? वर ठेवू. हिच्या लग्नात देऊ."

"आई, तिला अजून धड बसता येत नाही!"

"मग काय झालं? पोरी वाढायला वेळ लागतो होय?"

तो कोरा डबा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात गेला. आजीबाई वाईट नाहीत हो. चांगली वस्तू जपायची आणि आपण जुन्यात भागवायचं, हे त्या जन्मभर करत आल्या. या वेळी भागवून घेणारी आठ महिन्यांची होती, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मला हात नाहीत. तोंड आहे, ते झाकणाखाली. परवा वाफाळता भात पडला तसा मी सगळा जीव तळाशी एकवटला आणि तडकलो. वाटलं, सुटली पोर!

आजीबाई चुकचुकल्या. त्यांनी सुरी गॅसवर तापवली आणि माझाच काठ वितळवून ती चीर लिंपून टाकली. पाणी भरून पाहिलं. थेंब गळला नाही.

संध्याकाळी सूनबाईनं मला नाकाशी नेलं. "आई, याला जळका वास येतोय."

"जाईल दोन दिवसांत. तुझ्या नव्या पर्सला काय अत्तराचा वास होता?"

सूनबाई दिवसभराची दमलेली. तिनं मला धुतलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

आज दुपारी पुन्हा भात आला. पोरीनं विश्वासानं आ केला. शेवटी तर दोन्ही हातांनी मला ओढून आतली बाजू चाटली. आजीबाई हरखल्या, "माझ्या डब्यातलंच गोड लागतं हिला!" एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावर डूख धरू नका. माझ्यात खिळे ठेवा, बिया ठेवा, गरम तेवढं ओतू नका. तुमच्याही कपाटात एखादा चांगला डबा चादरीत झोपला असेल. घरच्यांच्या मागे लागा, तो खाली काढायला लावा. रागावले तर रागावू द्या. मला तेवढंही करता येत नाही. उद्या बारा वाजता भात शिजेल, आणि मी झाकण मिटून गप्प बसेन.