तेरा डिग्री

उखर्डू आबांचा उभा जन्म केळीत गेला. सावद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये केळ्याला लागणारा गारवा ओळखायला मालकाचा मशीनपेक्षा आबांच्या तळहातावर जास्त भरवसा. अशा माणसाचा घरच्या फ्रीजवर काही विश्वास बसला नाही, आणि सोमवारी सकाळी त्यांच्या सुनेने, मोहिनीने, फ्रीज उघडला. फ्रीजमधला औषधाचा डबा जागेवर नव्हता.

तिच्या सहा वर्षांच्या नूतनला रक्ताचा कॅन्सर होता. जळगावच्या दवाखान्यात उपचार लागू पडत होते, पण मागच्या महिन्यात एका इंजेक्शनने घात केला. पोरीचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. ते औषध कायमचं बंद झालं. त्याच्याऐवजी चालेल असं दुसरं औषध डॉक्टरांनी मुंबईहून मागवलं. दोन बाटल्या यायला तीन आठवडे लागले. शनिवारी पार्सल घरी आलं, तेव्हा डॉक्टरांनी फोनवर दोनदा बजावलं होतं, "दोन ते आठ डिग्री. कमी नको, जास्त नको." मोहिनीने डबा फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवला होता.

"आबा, डबा कुठे आहे?"

"कोल्ड स्टोरेजात. परवापासून." आबा खुशीत होते. "आपल्या फ्रीजात बर्फ धरला होता वं. इतक्या गारव्यात केळं बी काळं पडतं, मंग औषधाचं काय होईन? मी तेरा डिग्रीवर ठेवलं. दोन्ही दिवस काटा पाहून आलो."

त्याच दिवशी ते इंजेक्शन द्यायचं होतं. जळगावपर्यंत गाडीत मोहिनी एकच हिशेब करत राहिली. सांगितलं तर औषध फेकतील, पुन्हा तीन आठवडे. नाही सांगितलं तर लेकीच्या अंगात काय जाईल? नुसतं पाणी? की आणखी काही? नूतन तिच्या मांडीवर झोपली होती, डोक्यावरची टोपी घसरली होती. समोर बसलेले आबा खड्डा आला की वाटेत कोल्ड स्टोरेजातून घेतलेला डबा दोन्ही हातांनी अलगद वर उचलत होते. मोहिनीला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तो आल्याची लाजही वाटत होती.

वॉर्डात सिस्टर लताबाईंनी डबा उघडला. "फ्रीजमध्येच होतं ना?"

"हो."

खोटं किती सहज निघालं! लताबाई औषध सिरिंजमध्ये भरू लागल्या. नूतनने मुकाट्याने हात पुढे केला आणि आईकडे बघितलं. "मम्मी, ह्याच्यानं नाही ना सुजणार?"

मोहिनीने सिस्टरचं मनगट धरलं. "थांबा. देऊ नका. ते फ्रीजमध्ये नव्हतं."

डॉक्टरांनी कंपनीला फोन लावला. दोन दिवस असं राहिलेलं औषध वापरू नका, असं उत्तर आलं. दोन्ही बाटल्या डब्यासकट टाकून दिल्या. नव्या मागवल्या. तोवर बाकीची औषधं चालू ठेवू, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर बसलेल्या आबांना मोहिनीने सगळं सांगितलं. "केळाले तेराच लागतात," ते कसंबसं म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "दुसरं येईपर्यंत पोरीले काही होनार नाही ना?"

हाच प्रश्न मोहिनीने आत डॉक्टरांना विचारला होता. "आत्ता सांगता येत नाही," म्हणत ते नव्या बाटल्यांसाठी कागद लिहू लागले होते.

"नाही आबा," ती म्हणाली. "काही होणार नाही."

त्या दिवसातलं हे तिचं दुसरं खोटं. हे तिने मागे घेतलं नाही.