गुडघ्यापर्यंतचा सूर्य

आमच्या बारतंगच्या खोऱ्यात सूर्य आभाळात कमी आणि माणसात जास्त असतो. थंडी ओसरू लागली की तो पायाच्या नखात शिरतो, मग टाचेत, घोट्यात, पोटरीत, असा चढत चाळिसाव्या दिवशी गुडघ्याला पोचतो. त्या दिवशी जव पेरायचे. घाई केली तर बी गारठून मरतं, उशीर केला तर कणीस भरायच्या आत बर्फ येतो. आणि बी असतं एकदाच पेरण्यापुरतं.

दिवस मोजायचं काम माझ्या सासऱ्यांकडे, नवरूझशोंकडे होतं. रोज सकाळी अंगणात उभे राहून ते पायाला हात लावत आणि ओरडत, "सूर्य टाचेत!" गाव मान डोलवायचं. पुरुषाने ओरडून सांगितलं की गावाला सगळंच पटतं. बाहेर पडण्याआधी ते चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंच्या हातातल्या मोज्याकडे चोरून बघत. मी नवी सून. मला वाटायचं, प्रेम असेल!

त्या वर्षी सूर्य घोट्यात असताना सासरे गेले. पाठोपाठ ढग खोऱ्यात उतरले ते हलेचनात. ज्या खडकाच्या खाचेत उगवता सूर्य बघून मोजणी ताडून पाहायची, तो खडकच दिसेना. सगळं दुधात बुडालं होतं. शेळ्या दिसत नव्हत्या, नुसत्या घंटा फिरत होत्या. मी पाणी आणायला निघायची आणि नदीऐवजी भलत्याच कुणाच्या दारात पोचायची. तिथली बाई चहा पाजायची, मग मी परत यायची. असे किती दिवस गेले, कुणालाच सांगता येत नव्हतं.

सासूबाई, आमची नान, तेवढ्यातही रोज मोज्याची एक ओळ विणायची. एकच. मला तो आळस वाटायचा. एकदा ती गिरणीवर गेली असताना मी सुई घेतली आणि कौतुक होईल म्हणून तीन ओळी विणून ठेवल्या. तिने येऊन मोजा उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता खाली ठेवला. मला रागच आला.

मग एका सकाळी गाव आमच्या घरात जमलं. सगळ्यांत वडील शिरिनबेक. ते चहात भाकरी बुडवत म्हणाले, "नवरूझशो गेला, मोजणी गेली. आता अंदाजाने पेरायचं, दुसरं काय!"

"मोजणी कुठे गेली?" नानने मोजा वर धरला. "ही काय. एक दिवस, एक ओळ. तो बघायचा आणि सांगायचा."

"मोज्यात?" शिरिनबेक हसले. "अगं, माझ्या मोज्यात तर नुसती भोकं आहेत!"

सगळे हसले. नान उठली आणि तिने लाकडी पेटी उघडली. आत मोजेच मोजे, दर वर्षाचा एक. तिचे, तिच्या सासूचे, त्या सासूच्या सासूचे, खालचे तर कसरीने खाल्लेले. छतातल्या झरोक्यातून पांढरा उजेड त्यांच्यावर पडला आणि मला वाटलं, पेटीतून बायका चालत निघाल्यात, एकीमागे एक, आणि प्रत्येकीच्या पायातून सूर्य हळूहळू वर चढतोय. कितीतरी वेळ मी तशीच बघत राहिले.

शिरिनबेकांनी मोजा मांडीवर घेऊन ओळी मोजल्या. "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. अरे, गुडघा आजच की! चला, पोतं काढा."

माणसं उठली. नान पेटीत मोजे परत ठेवू लागली. बोलले तर नानचं हसं, आणि सोबत त्या पेटीतल्या सगळ्या बायकांचं. नाही बोलले तर गावाचं बी मातीत.

"थांबा!" मी ओरडले. "त्यातल्या तीन ओळी माझ्या आहेत."

"झालं कल्याण!" शिरिनबेकांनी कपाळावर हात मारला. "सासूने मोजायचं आणि सुनेने वाढवायचं!"

"मला ठाऊक आहे," नान म्हणाली. "सवसन, तुझी वीण घट्ट आहे, माझी सैल. मी सदतीसच मोजल्यात."

"मग बोलली का नाहीस?" मी रडतच विचारलं.

"तू बोलतेस का ते बघत होते. जिला आपली चूक सांगता येत नाही तिच्या हाती दिवस देत नाहीत, पोरी." एवढं बोलून ती बियाण्याच्या पोत्यावर जाऊन बसली. "तीन दिवस. कुणाला घाई असेल त्याने मला उचलावं."

कोण उचलणार? दुसऱ्या दिवशी असा गारठा पडला की नदीच्या कडा गोठल्या. चौथ्या सकाळी ढग फाटले, आणि सूर्य बरोब्बर खडकाच्या खाचेत होता.

पेरणीआधी शेताच्या बांधावर मोजणाऱ्यांची नावं घेतात. शिरिनबेकांनी सगळे पुरुष म्हटले, नवरूझशोही म्हटले आणि बियाण्याची मूठ उघडता उघडता थांबले. मग खाली बघत नानला विचारलं, "तुझ्या सासूचं नाव काय होतं गं?"

"नुकरा."

"आणि तिच्या सासूचं?"

त्या दिवशी पेरायला दुपार झाली. मला अजून आठवलं की भरून येतं.

आता पेटी माझ्याकडे आहे आणि गुडघे दुखतात. काल मोजा हातात घेतला तर त्यात चार ओळी लोंबत्या, गबाळ्या, माझ्या नव्हेतच. धाकटी सून चुलीपाशी भांडी घासतेय, मान वर करत नाही. पेरणीला सहा दिवस आहेत. मी काही बोललेले नाही. बोल गं बाई, बोल.